वाचक विचारतात : जुन्या गाण्यांचे निवेदक आणि त्यांचा चरितार्थ

मागील अंकात, अमेरिकेत जुनी गाणी आणि सोल संगीत (कृष्णवर्णीय अमेरिकनांचे भावोत्कट गायन) वाजवण्यात आयुष्य घालवलेल्या रेडिओ निवेदकांवर एक छोटे टिपण छापले होते. कॅलिफोर्नियाचे आर्ट लाबो ७९ वर्षे रेडिओवर होते, असा त्यात ओझरता उल्लेख होता आणि या मंडळींची नोकरी फारशी भरवशाची नसे, असेही एक वाक्य होते. त्यावरून कोकण किनाऱ्यावरून बरीच पत्रे आली. त्यांपैकी काही पत्रे थोडी संक्षिप्त करून उत्तरांसह येथे देत आहे.

प्रश्न : ७९ वर्षे ही छपाईची चूक तर नाही ना? आमच्या खात्यात अठ्ठावन्नाव्या वर्षी नारळ देऊन घरी पाठवले. एकाच माणसाला इतकी वर्षे काम कोण देईल? (निवृत्त शिक्षक, मालवण)

चूक नाही. आर्ट लाबो १९४३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या केएसएएन या केंद्रावर पहिल्यांदा बोलले. ७ ऑक्टोबर २०२२ रोजी, वयाच्या ९७ व्या वर्षी ते वारले, तेव्हा त्यांचा पुढचा कार्यक्रम ध्वनिमुद्रित होऊन तयार होता. तो त्यांच्या मृत्यूनंतर दोन दिवसांनी प्रसारित झाला. ते आर्मेनियन कुटुंबातले, मूळ आडनाव एग्नोइयन. युद्धामुळे अनुभवी माणसे सैन्यात गेलेली असल्याने या कोवळ्या मुलाला माइकसमोर बसायला मिळाले आणि श्रोत्यांना उच्चारायला सोपे जावे म्हणून केंद्रातल्याच एका सेक्रेटरीचे आडनाव त्याला चिकटवण्यात आले. ते जन्मभर राहिले.

आपल्या प्रश्नातला 'काम कोण देईल' हा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण लाबो यांनी आपले काम फार काळ कोणाच्या देण्यावर ठेवलेच नाही. १९५० च्या दशकात ते लॉस एंजेलिसमध्ये, गाडीत बसूनच खाता-पिता येईल अशा एका उपाहारगृहाच्या आवारातून कार्यक्रम करीत. तिथे जमणारी पोरेपोरी त्यांना येऊन सांगत, की अमुक गाणे अमक्यासाठी लावा. लाबो यांच्या लक्षात आले, की मागणी कालपरवाच्या गाण्यांना नसून तीन-चार वर्षांपूर्वीच्या, दुकानांतून नाहीशा झालेल्या गाण्यांना आहे. ते या मागण्यांची टिपणे ठेवू लागले. १९५७ मध्ये त्यांनी 'ओरिजिनल साउंड' ही स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली आणि १९५९ मध्ये निरनिराळ्या कंपन्यांकडून परवाने घेऊन ती जुनी गाणी एकाच लाँगप्ले तबकडीवर आणली. 'ओल्डीज बट गुडीज' नावाची ही तबकडी खपाच्या यादीत तीन वर्षांहून अधिक काळ राहिली. पुढे आपल्याकडे सदाबहार गाण्यांच्या कॅसेटी निघाल्या, त्यांची कल्पना याहून वेगळी नव्हती.

त्याच काळात ते नृत्याचे जलसेही भरवीत. लॉस एंजेलिस शहराच्या हद्दीत अल्पवयीन मुलांच्या अशा कार्यक्रमांवर निर्बंध असल्याने त्यांनी हद्दीबाहेर, एल मॉन्टे येथील सभागृह धरले, आणि तिथे मेक्सिकन, कृष्णवर्णीय आणि गोरी मुले एकाच छताखाली नाचू लागली. त्या काळी हे साधे नव्हते. म्हणजे रेडिओचा कार्यक्रम, रेकॉर्ड कंपनी, सभागृहातले जलसे आणि श्रोत्यांच्या मागण्यांचा साठा अशा चार गोष्टी त्यांच्या हाती होत्या, आणि पैकी केंद्राच्या मालकाला काढून घेता येण्यासारखी एकच होती. ती त्यांच्याकडून अनेकदा काढून घेतलीही गेली. अगदी २०१५ मध्ये, नव्वदीच्या उंबरठ्यावर असताना, त्यांच्या केंद्राने जुनी गाणी बंद करून नवा बाज स्वीकारला. ते आपला कार्यक्रम उचलून दुसऱ्या केंद्रावर गेले आणि श्रोते त्यांच्यामागून गेले.

श्रोते मागून जाण्याचे कारण गाण्यांइतकेच निरोपांत होते. कॅलिफोर्नियातल्या तुरुंगांत असलेल्या माणसांच्या बायका, आया, लहान मुले रात्री फोन करून निरोप आणि गाणे सांगत आणि लाबो त्यांना घाई न करता बोलू देत. 'जयमाला'तून सैनिकांच्या फर्माईशी ऐकलेल्या, झुमरीतलैयाचे नाव केवळ फर्माईशींमुळे पाठ झालेल्या आणि मुंबईच्या चाकरमान्याने गावच्या आईसाठी 'आपली आवड'मध्ये गाणे मागितलेले ऐकून हळव्या झालेल्या आपल्या पिढीला याचे मर्म समजावून सांगायला नको. लाबो यांचा आवाज खर्जातला आणि चांगला होता, पण तसे आवाज त्या शहरात आणखीही होते.

प्रश्न : हे निवेदक रेकॉर्ड कंपन्यांकडून पैसे घेऊन गाणी वाजवीत, असे वाचले. मग त्यांच्या आवडीनिवडीचे एवढे कौतुक कशाला? (वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, रत्नागिरी)

शंका रास्त आहे. पैसे घेतले जात, आणि सर्रास घेतले जात. निवेदकाचा पगार बेताचा असे. वरकमाई जलशांतून, दुकानदारांच्या जाहिरातींतून आणि रेकॉर्ड कंपन्यांच्या पाकिटांतून होई. १९५९-६० मध्ये अमेरिकी काँग्रेसने याची चौकशी केली आणि १९६० मध्ये, श्रोत्यांना न सांगता असे पैसे घेणे हा केंद्रीय कायद्याने गुन्हा ठरवला गेला.

या प्रकरणात सर्वांत मोठा बळी गेला तो ॲलन फ्रीड यांचा. क्लीव्हलँडमध्ये १९५१ पासून कृष्णवर्णीय कलावंतांचे ऱ्हिदम अँड ब्लूज संगीत हट्टाने वाजवणारा आणि ते गोऱ्या मुलांपर्यंत नेणारा हा गोरा निवेदक. आपण कधी पैसे घेतले नाहीत, अशा कागदावर सही करायला त्यांनी नकार दिला आणि १९५९ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएबीसीने त्यांना काढून टाकले. १९६२ मध्ये त्यांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. दंड ३०० डॉलर झाला, पण त्यांची कारकीर्द संपली होती. १९६५ च्या जानेवारीत, अवघ्या ४३ व्या वर्षी ते वारले. पाकिटे देणाऱ्या कंपन्या आणि ती गाणी वाजवून जाहिराती मिळवणारे केंद्रमालक यांच्या व्यवसायाला मात्र ओरखडाही उमटला नाही. शिक्षा नोकराला झाली, असेच मी म्हणेन.

याच्या शेजारी फिलाडेल्फियाचे जेरी ब्लॅवट ठेवून पाहावेत. १९६१ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षाच्या आसपास, त्यांनी न्यू जर्सीतल्या कॅमडेनच्या एका लहान केंद्रावर चक्क वेळ विकत घेतली. जाहिराती स्वतः मिळवायच्या, त्यातून केंद्राचे भाडे द्यायचे आणि उरलेल्यावर चरितार्थ चालवायचा. धोका सगळा स्वतःचा, परंतु कोणती तबकडी लावावी हे सांगणारा साहेब डोक्यावर नाही. खपाच्या यादीकडे न बघता ते आपल्या संग्रहातली विस्मृतीत गेलेली सोल आणि डू-वॉप (चारपाच जणांनी सूर जुळवून म्हटलेली) गाणी लावीत राहिले. सहा दशके त्यांचे असेच चालले. ते २०२३ च्या जानेवारीत वारले.

वेळ विकत घेण्याची युक्ती कृष्णवर्णीय निवेदकांना याआधीच शिकावी लागली होती. हॅल जॅक्सन यांना १९३९ च्या सुमारास वॉशिंग्टनच्या एका केंद्राने, कृष्णवर्णीय माणूस आमच्या रेडिओवर बोलणार नाही, असे तोंडावर सांगितले. त्यांनी एका गोऱ्या जाहिरात संस्थेमार्फत त्याच केंद्रावरची वेळ विकत घेतली आणि ठरल्या वेळी स्वतः जाऊन माइकसमोर बसले. १९७० च्या दशकात ते न्यूयॉर्कमधील दोन केंद्रांच्या मालक कंपनीचे भागीदार झाले आणि त्यांपैकीच डब्ल्यूबीएलएस या केंद्रावर रविवारचा जुन्या गाण्यांचा कार्यक्रम त्यांनी नव्वदी ओलांडल्यावरही चालू ठेवला. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले.

प्रश्न : मी मासेमारी नौकेवर तांडेल आहे. रात्री मिडियम वेव्हवर अरबी स्टेशने खणखणीत लागतात आणि सकाळ झाली की त्यांचा पत्ता नसतो. अमेरिकेतले हे लोकही असेच लांबवर ऐकू जायचे काय? (वेंगुर्ले)

अगदी असेच. दिवसा सूर्यप्रकाशामुळे वातावरणाच्या वरच्या भागात जो थर तयार होतो, तो मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो विरतो, लहरी आणखी वरच्या थरापर्यंत पोचतात आणि तिथून परावर्तित होऊन शेकडो मैलांवर उतरतात. शिवाय खारे पाणी विजेचे उत्तम वाहक असल्याने पृष्ठभागालगत जाणाऱ्या लहरीही जमिनीपेक्षा समुद्रावरून कितीतरी दूर जातात. आपल्या नौकेला हे दोन्ही फायदे मिळतात.

टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलच्या डब्ल्यूएलएसी या ५०,००० वॉटच्या केंद्राने याच रात्रीच्या लहरींवर आपले नाव केले. अंधार पडल्यावर तिथे जीन नोबल्स, जॉन रिचबर्ग आणि बिल ॲलन हे निवेदक ब्लूज आणि सोल वाजवीत. तिघेही गोरे होते, पण 'जॉन आर.' या नावाने बोलणाऱ्या रिचबर्ग यांची बोलण्याची ढब अशी होती, की असंख्य श्रोते त्यांना कृष्णवर्णीय समजत. जाहिरातदार होते टपालाने तबकड्या पाठवणारी दुकाने, केसांना लावायची पोमेडे आणि, हे वाचून मला अजून मौज वाटते, टपालानेच कोंबडीची जिवंत पिल्ले पाठवणारे व्यापारी. दक्षिणेतल्या खेड्यापाड्यांत, जिथे रेकॉर्डचे दुकान नव्हते, तिथे रात्री गाणे ऐकायचे आणि सकाळी पोस्टात मागणी टाकायची, असा हा व्यवहार होता.

नॅशव्हिल, न्यू ऑर्लिन्स आणि मायामीच्या या लहरी समुद्र ओलांडून जमैकातही पोचत. किंग्स्टनच्या तरुणांनी १९५० च्या दशकात हे संगीत ऐकले, मोठाले कर्णे लावून गल्लीतले नाच सुरू केले आणि अमेरिकी निवेदकांसारखे गाण्यावर बोलायला शिकले. तिथल्या स्का आणि पुढे रेगे संगीताची एक मुळी इथपर्यंत येते.

जॉन आर. यांनी १९७३ मध्ये काम सोडले. केंद्राने ठरावीक लोकप्रिय गाण्यांची यादी निवेदकांच्या हाती द्यायला सुरुवात केली होती, आणि ते नोकर होते.

प्रश्न : सगळे पुरुषच होते का? (गृहिणी, गुहागर)

नाही, पण स्त्रियांना वाट अधिक अरुंद होती. मार्था जीन स्टाइनबर्ग यांचे उदाहरण देते. मेम्फिसच्या डब्ल्यूडीआयए केंद्रावर त्या १९५४ मध्ये आल्या, आणि प्रथम त्यांच्याकडे गृहिणींसाठीचे कार्यक्रमच सोपवले गेले; आपल्याकडच्या वनिता मंडळाची कोणाला आठवण झाली तर नवल नाही. तिथून गाण्यांच्या कार्यक्रमापर्यंत त्या स्वतःच्या हिमतीवर पोचल्या आणि श्रोते त्यांना 'द क्वीन' म्हणू लागले. १९६३ मध्ये त्या डेट्रॉइटला गेल्या. १९६७ च्या जुलैत तिथे दंगल उसळली, तेव्हा सुमारे ४८ तास माइकसमोर बसून त्या लोकांना घरी राहण्याची विनवणी करीत राहिल्या. १९९७ मध्ये, ज्या केंद्रावरून त्या बोलत होत्या ते केंद्रच त्यांनी विकत घेतले आणि २००० च्या जानेवारीत मृत्यू येईपर्यंत त्या कार्यरत होत्या.

मालकी म्हणजे सुरक्षितता असे मात्र समजू नये. इंडियाना राज्यातल्या गॅरी शहरातील निवेदिका व्हिव्हियन कार्टर यांनी १९५३ मध्ये पतीसह व्ही-जे ही रेकॉर्ड कंपनी काढली. ती खूप वाढली, आणि १९६६ मध्ये दिवाळखोरीत गेली.

प्रश्न : मार्टिन ल्यूथर किंग यांच्या चळवळीशी या निवेदकांचा संबंध होता, असे आपण लिहिले होते. जाहिराती वाचणारी माणसे चळवळीत काय करणार? (ग्रंथपाल, चिपळूण)

ती माणसे कोण होती, हे आधी पाहावे लागेल. डब्ल्यूडीआयए या मेम्फिसच्या केंद्राचे मालक गोरे. केंद्र तोट्यात चालले म्हणून त्यांनी १९४८ मध्ये नॅट डी. विल्यम्स या कृष्णवर्णीय निवेदकाला बोलावून पाहिले. विल्यम्स हे शाळेत इतिहास शिकवीत आणि शाळा सुटली की केंद्रावर येत. त्यांचे सहकारी आणि पुढे गायक म्हणून गाजलेले रूफस टॉमस दिवसा कापडाच्या कारखान्यात काम करीत. आपल्या दशावतारातला राजा जसा सकाळी शेतात औत धरतो, तशीच ही गत होती. त्यामुळे वस्तीत काय चालले आहे, हे त्यांना कोणी सांगावे लागत नसे.

अटलांटात १९४९ मध्ये जेसी ब्लेटन या हिशेबनीस प्राध्यापकांनी डब्ल्यूईआरडी हे केंद्र विकत घेतले. कृष्णवर्णीय मालकाचे हे अमेरिकेतले पहिले रेडिओ केंद्र. किंग यांच्या संघटनेची कचेरी पुढे याच इमारतीत आली. किंग यांना काही सांगायचे असले, की ते झाडूच्या दांड्याने छत ठोकीत आणि वरच्या मजल्यावरून खिडकीतून माइक खाली सोडला जाई, अशी आठवण सांगितली जाते. थोडी सजवलेली असेलही, पण त्या इमारतीला शोभणारी आहे.

बर्मिंगहॅममध्ये १९६३ च्या मे महिन्यात शाळकरी मुलांनी मोर्चे काढले, तेव्हा शेली स्टुअर्ट आणि 'टॉल पॉल' व्हाइट या निवेदकांनी रेडिओवरून सांकेतिक निरोप दिले. उद्यानात मोठी मेजवानी आहे, येताना दात घासायचा ब्रश आणा, असा त्यांचा आशय असे. ब्रश कशासाठी, हे मुलांना कळत होते. रात्र तुरुंगात काढायची होती. किंग यांनी १९६७ च्या ऑगस्टमध्ये अटलांटातल्या निवेदकांच्या अधिवेशनात बोलताना या मदतीचा जाहीर उल्लेख केला. पोलीस आणि वृत्तपत्रे ज्या कार्यक्रमाला गाण्यांचा गोंगाट समजून दुर्लक्षित करीत, त्यातूनच हे घडले.

प्रश्न : आपल्या अमीन सायानींची तुलना यांच्याशी करता येईल का? (अलिबाग)

काही बाबतींत करता येईल. १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवर चित्रपटगीतांना जवळजवळ दार बंद झाले आणि श्रोते लघुलहरींवरच्या रेडिओ सिलोनकडे वळले. ३ डिसेंबर १९५२ रोजी 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. ध्वनिमुद्रण मुंबईत होई आणि फिती कोलंबोला जात. सुरुवातीला सायानींना आठवड्याला २५ रुपये मिळत, आणि पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे ९,००० पत्रे आली, असे ते सांगत. विविध भारती १९५७ मध्ये आली. गीतमाला तिथे १९८९ मध्ये पोचली आणि १९९४ पर्यंत चालली. सायानी केवळ निवेदक नव्हते, कार्यक्रमांचे आणि जाहिरातींचे निर्मातेही होते. म्हणून केंद्रे बदलली तरी त्यांचे काम अडले नाही. २० फेब्रुवारी २०२४ रोजी ते गेले. फरक एवढाच, की गीतमाला ताज्या गाण्यांची क्रमवारी होती. जुन्या गाण्यांशी जन्माची गाठ बांधलेला लाबो यांच्यासारखा निवेदक पाहायचा, तर तो आकाशवाणीच्या लहान केंद्रांवर, पहाटे मराठी भावगीते निवडून लावणाऱ्या आणि ज्यांचे नावही अनेकदा आपल्याला ठाऊक नसते अशा उद्घोषकांत पाहावा.

प्रश्न : माझे वय २३. मला जुन्या मराठी गाण्यांचा कार्यक्रम करायचा आहे. नोकरी सोडून या क्षेत्रात यावे का? (कुडाळ)

नोकरी सोडू नये. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने एका कंपनीने किती केंद्रे ठेवावीत यावरची देशपातळीवरची मर्यादा उठवली; त्यानंतर एकेका कंपनीकडे शेकडो केंद्रे गेली आणि गाण्यांची यादी दूरच्या कचेरीतून येऊ लागली. आपल्याकडच्या खासगी एफएमवरही गाणे निवडण्याचे स्वातंत्र्य निवेदकाला क्वचितच असते. आकाशवाणीच्या रत्नागिरी किंवा पणजी केंद्रावर नैमित्तिक उद्घोषक म्हणून स्वरचाचणी देता येईल. काम महिन्यातून मोजकेच दिवस मिळते, पण उच्चार, वेळेचे भान आणि लेखन यांची अशी शिस्त दुसरीकडे लागणार नाही. सामुदायिक रेडिओचा परवाना शैक्षणिक आणि सेवाभावी संस्थांना मिळतो, व्यक्तीला नाही. त्याची शक्ती १०० वॉटपर्यंत असते आणि आपल्या डोंगरदऱ्यांत ती लहर पलीकडच्या वाडीपर्यंत पोचेलच असे नाही, म्हणून जागा उंचावरची हवी.

स्वतःचा कार्यक्रम इंटरनेटवर करणार असाल, तर गाण्यांच्या हक्कांची बाब आधी समजून घ्यावी. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतो. त्यामुळे १९५० च्या दशकातल्या तबकड्या आज त्या हक्कातून मोकळ्या आहेत. परंतु शब्द आणि चाल यांवरचे हक्क गीतकार आणि संगीतकार यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतात, त्यामुळे तबकडी जुनी असूनही परवाना लागू शकतो. गाण्यांची यादी करताना प्रत्येक गाण्यापुढे प्रसिद्धीचे वर्ष, गीतकार, संगीतकार आणि त्यांच्या निधनाची वर्षे असे रकाने पाडावेत. निरोपांना असा कोणताही परवाना लागत नाही. गणपतीला आणि शिमग्याला गावी आलेल्या चाकरमान्यांकडून, बंदरावरच्या खलाशांकडून, आखातात असलेल्या मुलांच्या आयांकडून ते त्यांच्याच आवाजात आताच ध्वनिमुद्रित करायला लागावे, आणि मूळ फाइली कोणत्याही संस्थेच्या स्वाधीन न करता स्वतःकडे ठेवाव्यात.